दफ्तरदाराचा अंगरखा

गेल्या अठ्ठावीस वर्षांत मी स्टेजवर नाना प्रकारे मेलो आहे. तलवारीनं मेलो, विषानं मेलो, बुरुजावरून कडेलोट होऊन मेलो. बुरूज म्हणजे शाळेतली दोन टेबलं आणि खाली गादी. सांगोल्याच्या एका प्रयोगात तर मारणाऱ्याच्या हातातली तलवार निसटून थेट पहिल्या रांगेत गेली. तो बिचारा रिकाम्या हातानं उभा. त्याची अडचण ओळखून मी आपण होऊन छातीवर हात ठेवला आणि पडलो. बाहेर पडताना एक म्हातारा म्हणत होता, "खान अटॅकनं गेला बघा. पाप फुटलं."

तर असा मी. शुक्रवार पेठेत माझं शिवणकामाचं दुकान आहे. घरात आम्ही दखनी बोलतो, दुकानात मराठी बोलतो आणि रागावलो की दोन्ही. आमची हौशी नाट्यसंस्था ऐतिहासिक नाटकं करते. ऐतिहासिक नाटकात खान लागतोच आणि आमच्या संस्थेत उर्दू शब्द तोंडात नीट बसणारा मी एकटाच. त्यामुळे सगळे खान, सगळे सुभेदार, सगळे वकील माझ्याकडे. त्याचं मला वाईट वाटलं असं म्हणालो तर खोटं होईल. खानाचे कपडे भारी असतात, एंट्रीला वाद्यं वाजतात आणि आरडाओरडा करायला मिळतो. शिवाय सगळ्या संस्थेचे कपडे मीच शिवतो, त्यामुळे खानाच्या जाम्याला मखमल जरा जास्तच लागायची.

मला मारायचं काम बहुतेक वेळा माझ्या मित्राकडे असायचं. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. पुढं तो सरकारी कचेरीत चिकटला आणि हेडक्लार्क झाला. उंच, गोरा, आवाज असा की 'रजेचा अर्ज द्या' म्हणाला तरी समोरच्याला मुजरा करावासा वाटावा. तो मला 'खान' म्हणतो आणि बाकी सगळी पेठ 'मास्तर' म्हणते.

यंदा आमच्या संस्थेत एक नवी दिग्दर्शिका आली. शाळेत शिकवते, घरी तेलुगू, चुलत्याचा मागाचा कारखाना. तिनं आल्या आल्या जाहीर केलं, की आपण ते जुनं नाटक पुन्हा करायचं. माझ्या वडिलांच्या पिढीनं ते डोक्यावर घेतलं होतं. नंतर तीस-चाळीस वर्षं कुणी हात लावला नाही, कारण त्यात लढाई नाही, नाच नाही, एक माणूस तीन अंक नुसता नाही म्हणत राहतो.

गोष्ट साधी आहे. एका छोट्या किल्ल्यावर एक दफ्तरदार असतो, किल्ल्याच्या नोंदी ठेवणारा. सुभेदारानं एका कैद्याला गुपचूप मारलेलं असतं. दफ्तरदारानं एवढंच लिहायचं, की कैदी तापानं मेला. एकच ओळ. तो लिहीत नाही. त्याला जहागिरीची लालूच दाखवतात, त्याच्या मुलाला धरून आणतात, शेवटी त्याला अंधारकोठडीत टाकतात. तो लिहीत नाही. बस, नाटक संपलं. पण तिच्या चुलत्याच्या कारखान्यातल्या ज्या शेडमध्ये आम्ही तालमी करायचो, तिथं ते वाचून झाल्यावर पंख्याचा आवाज तेवढा ऐकू येत होता.

मला ती भूमिका हवी होती. इतकी, की सांगायला लाज वाटते. अठ्ठावीस वर्षं मी दुसऱ्यांना धमकावत आलो होतो. एकदा मला धमकी ऐकून घ्यायची होती, आणि शांतपणे 'नाही' म्हणायचं होतं. दुकानात एकटा असलो की मी शिवणयंत्राच्या तालावर दफ्तरदाराची वाक्यं म्हणायचो. एक गिऱ्हाईक ब्लाउजसाठी आलं होतं. मी त्या बाईंना म्हणालो, "हा हात कापा, पण लेखणी विकत मागू नका." त्या ब्लाउजपीस घेऊन समोरच्या दुकानात गेल्या.

दिग्दर्शिकेनं सगळ्यांकडून वाचून घेतलं आणि शेवटी दोघं उरले. मी आणि माझा मित्र. ती म्हणाली, "मला दोघंही चालतील. तुमच्या पद्धतीनं ठरवा."

आता आमची पद्धत. ती आमच्या संस्थेतल्या काकांनी घालून दिलेली. काका ऐंशी पार केलेले, जुन्या गिरणीतले कामगार, संस्थेचे पहिले सभासद. पूर्वी मोठ्या भूमिका चिठ्ठ्या टाकून ठरायच्या. पण चिठ्ठीवरचं अक्षर ओळखू यायचं. त्यावरून दोन सभासद अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते, आणि त्या अकरा वर्षांत त्यांनी सहा नाटकांत नवरा-बायकोचं काम केलं. तेव्हा काकांनी अक्षरच काढून टाकलं. एका उमेदवाराचा शेंगदाणा, दुसऱ्याचा फुटाणा. प्रत्येकाला दोन्ही एकेक द्यायचे. पडद्याआड तांब्या ठेवलेला. आत जायचं, ज्याला मत द्यायचं त्याचा दाणा तांब्यात टाकायचा आणि उरलेला खाऊन बाहेर यायचं. खाल्लाच पाहिजे. खिशात घालायचा नाही, मुठीत धरायचा नाही.

"न दिलेलं मत पोटात ऱ्हायलं पायजे," काका म्हणायचे. "भाईर आलं की भांडण हाय."

त्या रविवारी सकाळी मित्र मला स्कूटरवरून घेऊन निघाला आणि कारखान्याच्या अलीकडे चहाला थांबला.

"काय बे खान, टेन्शन हाय का?"

"मला कसलं टेन्शन? पडलो तर सुभेदार हायेच की."

"ऐक. आपल्यात वाकडं यायला नको. मी तुला मत घालतो, तू मला घाल. आपली दोन फिटली. बाकीचे पाच जण काय ते ठरवतील."

मला ते फार आवडलं. खरं सांगायचं तर रात्रभर मी याच विचारात होतो, की स्वतःला मत द्यायचं का. आमच्याकडे ते चांगलं दिसत नाही. आपल्या पानात आपणच वाढून घेतल्यासारखं. त्यानं माझा प्रश्न सोडवून टाकला.

"शब्द?" मी म्हणालो.

त्यानं माझ्या हातावर हात ठेवला. "तुझ्या आईच्या हातचा शीरखुर्मा खाऊन वाढलोय बे. तुझ्याशी खोटं बोलून जाऊ कुठं?"

एकूण मतं सात. काका, दिग्दर्शिका, इतर तिघं आणि आम्ही दोघं. शेंगदाणा माझा, फुटाणा त्याचा. शेंगदाणे भाजलेले, सालासकट. फुटाणे सोललेले, कारण काकांच्या दातांत सालं अडकतात. मित्र सगळ्यांत आधी आत गेला. मी शेवटी. पडद्यामागे उभा राहून मी त्या तांब्याकडे बघितलं. माझ्या तळहातावर माझा शेंगदाणा होता. काय सांगू, इतका देखणा शेंगदाणा मी आयुष्यात पाहिला नव्हता. पण शब्द दिला होता. फुटाणा तांब्यात टाकला, टण् असा आवाज झाला, आणि मी माझाच शेंगदाणा चावत बाहेर आलो.

काकांनी ताटलीत तांब्या उपडा केला. चार फुटाणे, तीन शेंगदाणे.

टाळ्या झाल्या. मित्रानं मला मिठी मारली, चांगली घट्ट, पाठीवर थापा देत. मिठी सोडून तो मागं सरकला तेव्हा त्याचं तोंड माझ्यापासून वीतभर अंतरावर होतं. खालच्या ओठावर, डाव्या कोपऱ्यात, एक पातळ लाल साल चिकटलेलं होतं. शेंगदाण्याचं.

मी शिंपी आहे. काळ्या कापडावर काळा दोरा मला दिसतो. साल दिसायला मला चष्मा लागत नाही. त्यानं शेंगदाणा खाल्ला होता. म्हणजे तांब्यात फुटाणा टाकला होता. म्हणजे स्वतःला मत दिलं होतं. दिलेला शब्द पाळला असता तर चार माझी झाली असती, तीन त्याची.

आणि तेवढ्यात त्याचा हात माझ्या हनुवटीकडे आला. प्रेमानं. "दाढीला काय लावून घेतलंस बे," असं म्हणत त्यानं माझ्या दाढीतून काहीतरी काढलं, बघितलं आणि त्याची बोटं थांबली. तेही शेंगदाण्याचं साल होतं. मी शब्द पाळला होता, हे त्याला त्याच्या दोन बोटांत दिसत होतं. त्यानं वर माझ्याकडे बघितलं. मी त्याच्या ओठाकडे बघत होतो. त्यानं जीभ फिरवली, साल आत घेतलं आणि गिळलं.

एवढंच. शेडमधल्या बाकी कुणाला काही कळलं नाही. दिग्दर्शिका पेढे वाटत होती.

पुढचे आठ दिवस संस्थेतले लोक एकेकटे दुकानात यायचे आणि इकडंतिकडं बघून हळूच सांगायचे, "मास्तर, मी तुम्हालाच टाकलं होतं." पाचही जण आले. पाच मतं मिळालेला माणूस तीन मतांवर पडला, असा हा चमत्कार. काकासुद्धा म्हणाले, "मी तुलाच टाकला व्हता रं. पर तुला कसं सांगू, नियम हाय." सांगूनही झालं होतं.

मी कुणालाच काही बोललो नाही. काय बोलणार? पुरावा दोघांच्याही पोटात. आणि पन्नाशी उलटलेला माणूस चारचौघांत उभा राहून म्हणणार, की शेंगदाण्यावरून माझा घात झाला? माझा माझ्यावरच विश्वास बसेना. मनात असंही आलं, की त्यानं निदान असं म्हणावं: 'खानानं दफ्तरदार केला तर लोकांना कसं वाटेल, म्हणून मी तसं केलं.' तसं असतं तर मला बरं झालं असतं. दोष गावावर टाकता आला असता, जमान्यावर टाकता आला असता, चार लोक माझ्या बाजूनं भांडायला आले असते. पण तसं काही नव्हतं. तिघांनी, का पाचांनी, मला मनापासून मत दिलं होतं. ज्यानं मला पाडलं, तो माझ्या आईच्या दुखवट्यात तीन दिवस आमच्या दारात बसलेला माणूस होता.

घरात मी शेंगाची चटणी बंद करायला सांगितली. बायको म्हणाली, "सोलापुरात राहके?" मी म्हणालो, "पित्त होतंय." महिनाभर जवसाच्या चटणीवर काढला.

मग तो माप द्यायला आला. दफ्तरदाराचा अंगरखा, पांढरा, साधा, बंदांचा. शिवणार मीच, दुसरं कोण? तो माझ्यासमोर हात पसरून उभा राहिला, आणि मी त्याच्या छातीभोवती टेप धरला. अठ्ठावीस वर्षं मी त्याची मापं घेत आलोय. त्याची कंबर कोणत्या साली वाढली ते त्याच्या बायकोपेक्षा मला जास्त माहीत.

"श्वास सोड," मी म्हणालो.

"सोडलाय की."

"सोड बे. दफ्तरदार आहेस तू. पोटात काही ठेवायचं नसतं."

तो हसला, पण नुसत्या तोंडानं. आरशात आमची नजर एकदा भेटली. मला वाटलं, आता बोलेल. एक 'चुकलं' म्हणाला असता तर मी तिथंच टेप टाकून त्याला चहा पाजला असता. तो म्हणाला, "बाही जरा लांब ठेव. हात वर केला की मनगट दिसायला नको."

मी वहीत लिहिलं: छाती एक्केचाळीस.

हात वर करण्याची जागा म्हणजे नाटकाचा कळस. तिसऱ्या अंकात सुभेदार, म्हणजे मी, शेवटचं विचारतो: "दफ्तरदार, आजवर या हातून एकही खोटी ओळ गेली नाही?" आणि दफ्तरदार उजवा हात उंच धरून म्हणतो, "एकही नाही." वडिलांच्या वेळी त्या एका वाक्यावर सभागृह उभं राहायचं म्हणे.

मी कापड पसरलं. खडू हातात घेतला. आणि सांगायला हरकत नाही, मी त्या अंगरख्याचा मुंढा मुद्दाम लहान आखला. मुंढा म्हणजे बाही खांद्याला जोडतात ती गोलाई. ती लहान झाली की हात खांद्याच्या वर जात नाही, काखेत काचतं. बघू या म्हटलं, दफ्तरदार कसा हात वर करतो. कात्री चालवताना मला फार मजा येत होती. मी चक्क शीळ घालत होतो. तीस वर्षांत मी जाणूनबुजून वाईट शिवलेलं एकही कापड दुकानाबाहेर गेलं नव्हतं. हे पहिलं.

दोन दिवसांनी अंगरखा तयार झाला. दुपारी बायको जेवणाचा डबा घेऊन आली. खुंटीवरचा अंगरखा तिनं काढला, लांब धरून बघितला, मग सहज माझ्या पाठीला लावला.

"अच्छा बैठा," ती म्हणाली. "लेकिन ये तो तुमारे नाप का है जी."

"येड्यासारखं बोलू नको."

"मैं येडी? पहनके देखो."

मी घातला. मुंढा, छाती, बाही, सगळं हातमोज्यासारखं बसलं. मी हात वर केला. आरामात गेला. वही उघडून बघितली, एक्केचाळीस लिहिलेलं होतं. टेप लावला, अंगरखा अडतीसचा निघाला. अडतीस माझी छाती. मी सूड कापतोय असं समजत होतो आणि हात गुपचूप माझंच माप कापत होता.

बायको पाटावर बसली. तिला ना मतदानाचं माहीत होतं, ना सालाचं. पण तीही शिंप्याची बायको आहे. तिनं डबा उघडत एवढंच विचारलं, "अब क्या करते?"

"कुछ नै. ऐसाच देता."

तसाच दिला. रंगीत तालमीच्या दिवशी मित्रानं तो घातला. बंद कसेबसे बांधले गेले. पाठीवर कापड ताणून पन्हळ पडली.  तिसऱ्या अंकात मी माझा प्रश्न टाकला आणि वाट बघू लागलो. त्यानं उजवा हात उचलला. हात खांद्यापर्यंत आला आणि अडला. मला काखेतला दोरा करकरताना ऐकू आला. आता ओरडेल, आता म्हणेल, की खान, हे काय शिवलंय. त्यानं हात खाली आणला. हळूहळू, छातीशी, आणि तळवा स्वतःच्या काळजावर ठेवून अगदी बारीक आवाजात म्हणाला, "एकही नाही."

दिग्दर्शिका खुर्चीवरून उठली. "हेच!" ती म्हणाली. "सर, हेच! हात वर करायचाच नाही. शपथ गावाला कशाला दाखवायची? अहो, हे कसं सुचलं तुम्हाला?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. "सुचलं," तो म्हणाला. मग मला म्हणाला, "मास्तर, अंगरखा बरोबर बसलाय हां." अठ्ठावीस वर्षांत त्यानं मला पहिल्यांदा मास्तर म्हटलं होतं. त्याला सगळं कळलं होतं. मी का केलं तेही कळलं होतं. आणि त्यानं मला भांडणसुद्धा दिलं नाही. ती पण एक हक्काची गोष्ट होती माझी.

प्रयोग हाउसफुल्ल. जुन्या लोकांनी पहिल्या रांगा धरलेल्या, कॉलेजची मुलं मागं उभी. तिसरी घंटा झाली आणि पुढचे दोन तास मी असा सुभेदार केला, की माझाच मला धाक वाटला. इतकं खरं मी कधी रागावलोच नव्हतो. त्याला धमकावताना माझा एकेक शब्द आतून येत होता. विंगेत काका टिपं गाळत होते.

आणि ती जागा आली. मी त्याच्यासमोर गेलो. तालमीत ठरल्यापेक्षा दोन पावलं जास्त पुढं. ओठ दिसेल इतका जवळ. "दफ्तरदार," मी म्हणालो, आणि थांबलो. स्क्रिप्टात थांबा नाही. मी थांबलो. मला बघायचं होतं. हजार माणसांसमोर, दिव्याच्या झोतात, माझ्या डोळ्यांत बघत हा माणूस ते वाक्य कसं म्हणतो. त्याची पापणी हलेल. आवाज फाटेल. काहीतरी होईल.

"आजवर या हातून एकही खोटी ओळ गेली नाही?"

त्यानं माझ्या डोळ्यांत बघितलं. तळवा काळजावर ठेवला. पापणी हलली नाही.

"एकही नाही."

आणि मला ते पटलं! हीच तर गंमत. साल मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं, तरी त्या क्षणी मला वाटलं, नसेल. आपल्याला भास झाला असेल. या आवाजाचा माणूस कधी खोटं बोललाच नसेल. माझे डोळे भरून आले आणि मी माझं पुढचं वाक्य विसरलो. अठ्ठावीस वर्षांत एकदाही विसरलो नव्हतो.  मी, सुलतानाचा सुभेदार, मखमली जाम्यात तोंड उघडं टाकून उभा. मग त्यानंच मला सावरलं. "सुभेदारसाहेब विचारतील, मग आजच एक का नाही?" माझं वाक्य त्यानं आपल्या तोंडून म्हटलं. "तर ऐका." आणि पुढं निघाला.

टाळ्या थांबेनात. दुसऱ्या दिवशी लोक मला म्हणाले, सत्यापुढं सुभेदाराची वाचा बसली, ती जागा तुम्ही काय घेतली मास्तर!

प्रयोगानंतर रंगपटात आम्ही शेजारी शेजारी बसून तोंडाला खोबरेल चोळत होतो. बाकीचे बाहेर फोटो काढत होते. तो आरशातच बघत म्हणाला, "खान, पुढच्या आठवड्यात नातेपुत्याला प्रयोग हाय. तिथं दफ्तरदार तू कर. मी सुभेदार करतो. मी बाईंशी बोललोय, त्या हो म्हणाल्यात."

 स्वाभिमान वगैरे सगळं ठीक आहे, पण माझ्या तोंडातून 'हो' निम्मं बाहेर पडलं होतं. वाक्यं पाठ होती. अंगरखा तर होताच. मी रंग पुसायचा थांबलो.

"करतो," मी म्हणालो. "एक सांग फक्त. त्या दिवशी मत कुणाला घातलंस?"

तोही थांबला. अर्धा चेहरा दफ्तरदाराचा होता, अर्धा हेडक्लार्कचा. मी वाट बघितली. मला माफी नको होती. त्यानं नुसतं 'मला' म्हटलं असतं तरी मी हसलो असतो, त्याला दोन शिव्या घातल्या असत्या आणि नातेपुत्याला जाऊन अशी काही भूमिका केली असती, की तोच रडला असता.

त्यानं आरशातून सरळ माझ्याकडे बघितलं.

"तुला," तो म्हणाला.

तोच आवाज. तीच न हलणारी पापणी. तासाभरापूर्वी ज्यानं मला रडवलं होतं, तोच बारीक, स्वच्छ, खरा आवाज. माझ्या ध्यानात आलं, की त्यानं तो आवाज आज सभागृहात पहिल्यांदा काढला नव्हता. चहाच्या टपरीवरही तोच काढला होता. आणखी कुठं कुठं काढला असेल ते मी मोजायला लागलो आणि लगेच सोडून दिलं.

"मग राहू दे," मी म्हणालो. "नातेपुत्याला तूच कर."

"का बे? आता काय झालं?"

"तुला जास्त शोभतं. अंगरखा काढ. तुझ्या मापाचा करून देतो."

"मुंढा सैल केलास तर परत हात वर करायला लागंल की. बाई ओरडतील."

"नाही करायचा वर. सवय झालीय तुला."

त्यानं अंगरखा काढून माझ्या हातात दिला. घामानं ओला होता. शिलाईत दाबून ठेवलेलं कापड भरपूर होतं, मी नेहमीच ठेवतो, माणसं वाढतात. दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्या उघडल्या मी सगळे टाके उसवले. एक्केचाळीसवर आणून पुन्हा शिवला, आतून-बाहेरून, कुठं सुरकुती नाही. बायको बघत होती.  

नातेपुत्याला जायला टेम्पो केला होता. दिग्दर्शिका आणि काका तिच्या चुलत्याच्या गाडीतून पुढं गेले. टेम्पोत ड्रायव्हरशेजारी दोघांची जागा असते. ती गेली अठ्ठावीस वर्षं आमची. कुठल्याही गावाला जाताना त्याचा डावा खांदा आणि माझा उजवा खांदा घासत असायचा, आणि गाव येईपर्यंत आमची बडबड संपायची नाही.

तो आधीच जाऊन बसला होता. दार उघडं धरून त्यानं हाक मारली, "खान, ये की. जागा हाय."

मी मागं गेलो. कपड्यांच्या ट्रंका, पुठ्ठ्याची कोठडी, रंगवलेला बुरूज. कोठडीला टेकून पाय पसरायला ऐसपैस जागा होती. ड्रायव्हरनं विचारलं, "मास्तर, तितं मागं धूळ खाणार व्हय?"

"कपड्यांकडे लक्ष ठेवायला कुणीतरी पाहिजे," मी म्हणालो, आणि आतून फळी लावून घेतली.